मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका
(माजिवडा येथील पालक-मेळाव्यात एका नेत्रतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान)



माजिवडा नाक्यावर नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. तेथे रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे आपल्या डोळ्यांत फुटल्यासारखे पसरतात काय? घरातील दादी किंवा अब्बा रस्ता ओलांडताना बिचकतात काय? तसे असल्यास मोतीबिंदूची शंका घ्यावी. पण घरोघरी एकच उत्तर मिळते, "अजून पिकला नाही, पिकू दे." आज मला या एका वाक्याविरुद्धच बोलावयाचे आहे.

पूर्वी या समजुतीला आधार होता. त्या काळी डोळ्यातील भिंग काढून टाकीत व जाड चष्मा देत. थोडीफार दिसत असताना तो सौदा परवडत नसे. पुढे १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी कृत्रिम भिंग बसविले. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत काढली. तिलाच आपण 'फेको' म्हणतो. शस्त्रक्रिया बदलली, समजूत मात्र तशीच राहिली.

त्यात नुकसान कशाचे? बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. होडीत झिरपणारे पाणी खलाशी सतत उपसतात, तशा या पेशी पारपटलात शिरणारे पाणी अहोरात्र बाहेर टाकतात. म्हणून ते स्वच्छ राहते. प्रौढपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या साधारण अडीच हजार असतात. एक पेशी मेली की शेजारची पसरून तिची जागा भरते, पण नवी जन्मत नाही. संख्या पाचशेच्या खाली गेली की पाणी साचून पडदा दुधाळ होण्याचा धोका असतो.

मोतीबिंदू जितका जुना तितका तो कठीण. तो फोडण्यास ध्वनिलहरी अधिक लागतात आणि त्याचे टणक तुकडे या नाजूक थरावर आदळतात. संरक्षणासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात एक दाट, पारदर्शक द्रव भरतात. तो पेशींवर गादीसारखा पसरतो. १९३४ साली कार्ल मायर व जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून वेगळे केलेले हायलुरोनिक आम्ल १९८० च्या सुमारास या कामी येऊ लागले. सेल्युलोजपासून केलेला स्वस्त द्रवही आपल्याकडे सर्रास वापरतात. फार कठीण मोतीबिंदू असल्यास ध्वनिलहरी टाळून तो लहान छेदातून अखंड काढणे पुष्कळदा हिताचे ठरते. तरीही प्रत्येक शस्त्रक्रियेत काही पेशी जातातच.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. आधी नातीचे लग्न, मग रमजान, मग पावसाळा, असे करीत तीन वर्षे गेली होती. भिंग तपकिरी, दगडासारखे झालेले. शस्त्रक्रिया मीच केली. भिंग नीट बसले, पण पडदा निवळला नाही. "डॉक्टरसाहेब, धुके कधी जाणार?" असे त्या दर वेळी विचारीत. आता त्यांना कोणी दान केलेल्या पारपटलाचीच आशा होती. माझा हात चुकला नव्हता, असे मी स्वतःस सांगतो. परंतु ते तीन वर्षांपूर्वी सोपे होते, हे विसरता येत नाही.

आज ही शस्त्रक्रिया गरिबांनाही मिळते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उणीव आहे ती आपण वेळेवर जाण्याची.

डॉक्टरांना सर्व सांगा. मधुमेह, डोळ्यास पूर्वी झालेला मार, आधीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नका. सकाळी धूसर व दुपारी स्वच्छ दिसत असेल तर तेही सांगा. ते या पेशी दुबळ्या असल्याचे लक्षण असू शकते. शंका असल्यास पेशी मोजण्याची तपासणी करून घ्या. ती काही मिनिटांत होते. शस्त्रक्रियेनंतर दुखू लागले, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एक गृहपाठ देतो. आज घरी गेल्यावर दादी-नानींचा एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावयास सांगा. अडखळल्या, तर 'पिकू दे' म्हणू नका. त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे न्या.