रबरी नळीचे सोंग

हौशी माणसाने जुळविलेली स्पिटफायर विमानाची प्रतिकृती लांबून कितीही साजरी दिसो, तिच्या चाकांशी एकदा वाकून पाहावे. या विमानाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालत. त्या हवेची नळी पायाच्या कडेने चाकापर्यंत उतरते. प्रतिकृतीचे भाग करताना वितळलेले प्लास्टिक साच्याच्या दोन अर्ध्यांत दाबाने भरतात. त्यामुळे ही नळी पायालाच चिकटून निघते, आणि अर्धे जुळतात तेथे तिच्यावर शिवण उमटते. ती पात्याने हलकेच खरवडता येते. पण पाते जरा जोरात फिरले की गोल नळी चपटी होते, हे मी दोन पाय मोडून शिकलो.

शिवाय प्रमाण १:४८ असेल, तर पाऊण मिलिमीटर जाडीची नळी प्रत्यक्षात ३६ मिलिमीटरची ठरते. ही ब्रेकची नळी कसली, बागेला पाणी घालण्याचीच! अशी नळी सरळ कापून टाकावी, दोन्ही टोकांशी बारीक भोके पाडावी आणि पाव मिलिमीटरची शिशाची तार ओवावी. शिसे वाकवावे तसे राहते. हात मात्र नंतर धुवावे. तार ताणून बसवू नये. उडताना विमानाचा पाय लांबतो, जमिनीवर दबतो. म्हणून उभ्या विमानाच्या नळीला थोडा बाक हवा.