पक्षिसूचीची पत कशावर ठरते?



एखाद्या प्रांतातल्या पक्ष्यांचा संदर्भग्रंथ हाती आला की आपली नजर आधी एकूण जातींच्या आकड्याकडे जाते. नवी यादी जुनीपेक्षा लांब निघाली की ज्ञानात भर पडली असे आपण धरून चालतो. अशा ग्रंथाची पत या आकड्याने ठरत नाही, असे मला आज मांडायचे आहे. पक्षी कोणी पाहिला, कुठे, कधी आणि तो तोच होता हे कशावरून, या चार प्रश्नांची उत्तरे पुढच्या पिढीला पुन्हा तपासता येतील अशी नोंदवली असतील, तरच तो ग्रंथ संदर्भाला लायक. त्यांच्यावाचून जोडलेली प्रत्येक जात यादी वाढवते आणि ज्ञान मात्र गढूळ करते.

अशा नोंदींची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८० मध्ये विडाल यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी दिली, आणि त्याच दशकाच्या आरंभी जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशाची. दोघेही सनदी अधिकारी होते. कामानिमित्त गावोगाव हिंडत होते आणि आपापल्या मुलखापुरतेच लिहीत होते. पुढे १९३० च्या दशकात सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात असल्यामुळे तिथल्या पक्षिजीवनाचीही नोंद त्यात झाली. त्यानंतर हुमायून अब्दुलअली यांनी महाराष्ट्राची सूची तयार केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातल्या पक्ष्यांची नमुनेवार यादीही त्यांनीच वर्षानुवर्षे खपून सिद्ध केली. सूची आणि संग्रह ही दोन्ही कामे एकाच हाताने व्हावीत, यात मला मोठा अर्थ दिसतो. सूचीतल्या विधानाला संग्रहातला नमुना साक्षीदार असतो.

साक्षीदार खोटा निघाला तर काय होते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेल्या या छोट्या घुबडाचे जगातल्या संग्रहालयांत मोजकेच नमुने होते. त्यांतले शेवटचे खरे नमुने डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवले होते, आणि ती साखळी १८८४ मध्ये थांबली. त्यानंतरचा एकच नमुना होता, रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश संग्राहकाचा. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल आणि गुजरातमधले मांडवी हे ठिकाण होते. ती चिठ्ठी खरी मानली गेली, ग्रंथांत शिरली आणि तिने पक्ष्याचा काळ तीस वर्षांनी पुढे व पत्ता गुजरातेत नेला. नंतर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच असल्याचे सिद्ध झाले. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. ही नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या ठिकाणांच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये आणि तानसा अभयारण्यातही आढळला.

या घटनेचे दोन अर्थ निघतात. एक, खोटी नोंद निरुपद्रवी नसते. ती शोधाची दिशा चुकवते, आणि दिशा चुकली की संरक्षणाचा पैसा आणि मनुष्यबळही चुकीच्या जागी जाते. दुसरा अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका जिल्हा अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलेले ठिकाण, तो गेल्यानंतरही, हरवल्यासारख्या जातीपर्यंत पोहोचवू शकले. प्रादेशिक नोंदीचे बळ हेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की एवढा काटेकोरपणा ठेवला तर हौशी निरीक्षकाचा उत्साह मावळेल. छायाचित्र नाही म्हणून त्याने पाहिलेले नाकारायचे का? आक्षेपात तथ्य आहे, कारण आपल्या पक्षिज्ञानाचा मोठा भाग हौशी माणसांनीच उभा केला आहे. पण नाकारणे आणि वेगळे ठेवणे यांत फरक आहे. सिद्ध नोंदींची एक यादी आणि पुराव्याची वाट पाहणाऱ्या नोंदींची दुसरी, प्रत्येकीपुढे कारणासह, असे केले तर निरीक्षकाचा अपमान होत नाही. उलट, उद्या पुरावा मिळाला तर त्याच्या पहिल्या नोंदीचा मान कायम राहतो.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. हजारो लोक मोबाइलवरच्या ॲपमध्ये रोज नोंदी करतात. मग ग्रंथ कशाला? या नोंदी अमूल्य आहेत, हे आधी मान्य करतो. पण लोक जिथे पक्षी भरपूर असतात आणि रस्ता चांगला असतो तिथे, तेही सुट्टीच्या दिवशी, जातात. त्यामुळे एखादा तलाव हजारदा नोंदला जातो आणि शेजारच्या माळाकडे कोणी फिरकत नाही. केरळने यावर उत्तर शोधले. २०१५ ते २०२० या काळात तिथे हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे ठरावीक मापाचे चौकोन आखले, त्यांतून पाहणीच्या जागा निवडल्या आणि पावसाळा व कोरडा हंगाम अशा दोन्ही वेळी त्यांची पाहणी केली. सुमारे २५ हजार याद्यांतून तीन लाखांच्या आसपास नोंदी आणि ३६१ जाती हाती आल्या. ‘इथे शोधला, सापडला नाही’ हे विधानही त्यातून अर्थपूर्ण झाले. ॲप तेच होते, मोलाची भर घातली ती आखणीने. माळढोकासारख्या पक्ष्याच्या ऱ्हासाचा हिशेब मांडायचा तर अशी न आढळल्याची नोंदच लागते.

तिसरा आक्षेप असा, की पक्ष्यांना राज्याच्या सीमा कळत नाहीत. सातपुडा दोन राज्यांच्या हद्दीवर संपत नाही, हे खरेच. पण जंगलाचा आराखडा, रस्त्याची परवानगी आणि वनखात्याचे अंदाजपत्रक राज्यागणिक ठरते. निर्णय जिथे होतो, त्याच पातळीवर पुरावा उपलब्ध हवा. सीमेपलीकडचा संदर्भ ग्रंथात जरूर द्यावा, परंतु उत्तरदायित्व राज्याचेच राहील.

म्हणून महाराष्ट्राचा पुढचा पक्षिसंदर्भ कसा असावा, हे मी नेमके सांगतो. तो जिल्हावार असावा. प्रत्येक नोंदीला ठिकाण, तारीख, निरीक्षक आणि पुरावा असावा. संशयित नोंदी कारणांसह वेगळ्या असाव्यात, आणि जुनी नोंद रद्द केली तर तीही का, ते छापलेले असावे. पाहणी आखून व्हावी, ठरावीक वर्षांनी पुन्हा व्हावी, आणि हे सारे मराठीत उपलब्ध असावे, कारण वनरक्षक, शिक्षक आणि गावातली मुलेच त्याचे खरे कर्ते आणि वाचक आहेत. त्यांपैकी कोणाची आज लिहिलेली एक खरी ओळ, शंभर वर्षांनी कोणाला तरी उपयोगी पडेल. ती ओळ तपासता येईल अशी लिहायला त्यांना शिकवणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.