अंधाराचं विरजण

दुर्बीण केवढी घ्यावी, कुठून घ्यावी, हे विचारणारे मला रोज भेटतात. ते आज बाजूला ठेवतो. रेडिओवर पाच मिनिटं मिळाली आहेत आणि मला बोलायचंय ते डोळ्यांबद्दल.

मागच्या शनिवारी आमच्या परसात आळीतली दहा-बारा मंडळी जमली होती. अमावास्या दोन दिवसांवर, हवा कोरडी, मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं. माझी दुर्बीण सहा इंची आरशाची. ती मी संध्याकाळीच बाहेर काढून ठेवतो, कारण आरसा हवेइतका गार झाला नाही तर चित्र उकळत्या पाण्यात बघितल्यासारखं थरथरतं. म्हणजे बघा, आरशाची एवढी काळजी! आणि डोळे? ते टीव्हीसमोरून उठवायचे आणि थेट आयपीसला टेकवायचे.

झालं तसंच. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली तीन फिकट ठिपके आहेत, त्यांतल्या मधल्यावर दुर्बीण लावली. तिथे मृगातला तेजोमेघ आहे. शेजारचा सातवीतला मुलगा पहिला धावला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, “काका, थोडा धूर दिसतोय. मोबाईलवर याच्यापेक्षा भारी दिसतं.” आणि लगेच सगळ्यांना मोबाईलवर दाखवलंही! गुलाबी, जांभळं, झगझगीत. रांगेतल्या सगळ्यांचे डोळे गेले कामातून.

त्याच्या आजी मात्र गुडघ्यांमुळे रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या. चिंचेखाली बाजेवर अंधाराकडे तोंड करून अर्धा तास बसल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्यांना हात धरून आणलं. त्या कितीतरी वेळ बघतच राहिल्या. मेघ हळूहळू सरकतो, माझ्या दुर्बिणीला मोटर नाही, दोनदा मी नळी परत हलवून दिली. मग म्हणाल्या, “अरे, याला तर पंख आहेत. दुधावर साय धरते ना, तसे. आणि मध्ये चार चांदण्या.”

चार! समलंब चौकोनातल्या त्या चार ताऱ्यांसाठी मी घसा कोरडा केला होता, कुणाला दिसले नव्हते.

आजींनी साय म्हटलं, मी दह्याकडे वळतो. अंधारात डोळा तयार होणं म्हणजे विरजण लावणं आहे. बाहुली मोठी होते ती काही सेकंदांत. पण आतल्या पडद्यावरच्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींत एक रंगद्रव्य साठावं लागतं, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. पातेलं उबेला ठेवलं की हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना कळतं. पाच मिनिटांनी झाकण काढून ढवळलं तर काय मिळणार? अदमुरं! शनिवारी अकरा माणसं अदमुऱ्या डोळ्यांनी बघून गेली. मोबाईल बघणं म्हणजे तर लागत आलेलं पातेलं सांडणंच. पुन्हा दूध तापवण्यापासून सुरुवात. नकाशा बघायचाच असेल तर बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावा. मंद लाल उजेडानं विरजण फारसं मोडत नाही.

परत सांगतो, कारण हेच निसटतं: वीस मिनिटं. निदान वीस. सहा इंची आरसा तुमच्या बाहुलीच्या पाचशे पट प्रकाश गोळा करतो. मृगातल्या मेघाचा प्रकाश सुमारे १३०० वर्षांपूर्वी तिकडून निघालाय, इथे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हा. आणि आपल्याला वीस मिनिटं धीर नाही?

हे विरजण मोडणारं दुसरं म्हणजे फाटकावरचे ते पांढरे फोकस. चोर येतील म्हणून रात्रभर आभाळाकडे तोंड करून जाळायचे. अहो, चोर आभाळातून येतो का? तोंड खाली करा, वर टोपी घाला. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आभाळ जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे कसे बदलले, ते सांगण्यासारखं आहे, पण... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचं बोट वर झालंय. एकच मिनिट.

तर रंग का दिसत नाहीत तेही राहिलं. थोडक्यात, मंद प्रकाश टिपणाऱ्या त्या पेशींना रंग कळत नाही, म्हणून मोबाईलमधला गुलाबी मेघ दुर्बिणीत राखाडी. त्यात दुर्बिणीचा दोष नाही. आणि हो, सरळ बघू नका. मेघाच्या किंचित बाजूला नजर ठेवा, मग तो उजळतो. नजरेच्या अगदी मध्यावर या पेशी नसतातच, म्हणून...

असो. येत्या शनिवारी पुन्हा परसात बसणार आहोत. साडेनऊला दुर्बीण, पण पडवीतला दिवा नऊलाच मालवणार. मोबाईल घरी ठेवून या. आजी नऊला येऊन बसणार आहेत.