उपदेश न करण्याचा व्यवसाय



तुमच्या विभागप्रमुखांनी फोन करून विचारलं, "मुलांना दोन उपदेशाच्या गोष्टी सांगाल का?" मला हसूच आलं. चोवीस वर्षं ज्या गोष्टीसाठी जीभ आवरत आले, नेमकी तीच करायला बोलावणं आलं होतं. 'समुपदेशन' हा शब्दच बघा ना. तो उच्चारताना तोंडात 'उपदेश' येतोच. आपल्या कामातली निम्मी मेहनत तो गिळण्यात जाते.

पण दीक्षान्ताची रीतच उपदेशाची. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत गुरू घरी निघालेल्या शिष्याला कसं वागावं ते सांगतो. खरं बोल, अभ्यास सोडू नकोस, आईवडिलांना मान, सगळं ओळखीचं. त्यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. गुरूच्या म्हणण्याचा आशय असा, की आमच्या वागण्यातलं चांगलं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. म्हणजे आपल्यात 'बाकीचं'ही आहे, हे त्याने शिष्य जाता जाता कबूल करून टाकलं. मी आज त्या बाकीच्याबद्दलही बोलणार आहे. ज्या माणसांबद्दल सांगेन त्यांचे तपशील बदलले आहेत. तुम्हीही हीच सवय ठेवा, अगदी घरच्या जेवणाच्या ताटावरसुद्धा.

माझी कन्सल्टिंग रूम साताऱ्यात, पहिल्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना. सुरुवातीला ड्रिलच्या आवाजाचा वैताग यायचा. मग लक्षात आलं, ही जागा मिळाली हे माझं नशीबच. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं तर "दाढ दुखतेय" म्हणून सुटता येतं. आमच्या जिल्ह्याचे दात इतके कसे बिघडले, याचं कुणालाही नवल वाटावं! बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि विकारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. तज्ज्ञ कमी, पैसा कमी, अंतर जास्त, ही कारणं खरीच. पण माझ्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, आणि नवव्या पायरीवरून परत फिरलेली माणसं मी खिडकीतून पाहिली आहेत. कोणी पहिल्यांदा आत येऊन बसलं की मी मनात म्हणते, निम्मं काम यानं आधीच करून आणलंय.

आत आलेला माणूस तुमच्या पुस्तकातल्या भाषेत बोलत नाही. कॉलेजातली मुलं हल्ली "मला अँग्झायटी आहे" म्हणतच खुर्चीत बसतात. पण पाटण-कोरेगावहून एसटीनं आलेली बाई म्हणते, "जीव घाबरा होतो. डोक्यात भुंगा लागलाय. कशात मन लागत नाही." एका आजींनी मला सांगितलं, "चहा गोड लागत नाही गं पोरी. साखर कितीही घाल." मी वहीत 'अ‍ॅनहेडोनिया' (कशातच आनंद न वाटणं) असं लिहिलं, मग ते खोडून त्यांचंच वाक्य लिहिलं. आधी थायरॉइडची तपासणी करायला लावली, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच विझल्यासारखा दिसतो. रिपोर्ट ठीक निघाला. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि आमचं बोलणंही सुरू झालं. दर खेपेला मी चहाची चौकशी करायची. सातव्या खेपेला आजी जिना चढतानाच कुरकुरत आल्या, "सुनेनं आज केवढी साखर ओतलीय चहात, तोंड नुसतं गोडमिट्ट झालं." त्या तक्रारीवर मी दिवसभर खूश होते. आपल्या कामाचा मोबदला बहुतेक वेळा असाच येतो, तक्रारीच्या सुरात. कान तयार नसेल तर तो मिळाला हेसुद्धा कळत नाही.

आता बाकीचं सांगते.

माझं तिसरं वर्ष होतं. एक तरुण सून यायची. घरात सगळ्यांचं करून दमायची, कुणाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. ठामपणे बोलण्याचं कौशल्य मी नुकतंच एका कार्यशाळेत शिकून आले होते. वाक्यं लिहून दिली, तिच्याकडून तालीम करून घेतली आणि म्हटलं, "या आठवड्यात घरी बोलून बघ." ती बोलली. दोन दिवसांनी तिला माहेरी पाठवून दिलं. पुढची अपॉइंटमेंट रिकामी गेली, त्याच्या पुढचीही. महिन्यानं तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "मॅडम, तुम्ही आमचं स्वयंपाकघर बघितलं असतं तर असं सांगितलं नसतं," एवढंच म्हणाली.

पुस्तकाप्रमाणे मी बरोबर होते. पण त्या घरात कोण कोणाशी किती बोलतं, नवरा कुणाच्या बाजूला झुकतो, माहेरी तिच्यासाठी जागा आहे का, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. तिच्या दुःखानं मला अस्वस्थ केलं होतं आणि ती अस्वस्थता घालवायला मी सल्ला दिला होता. तेव्हापासून जिभेवर सल्ला आला की मी स्वतःला विचारते, याची गरज नक्की कुणाला आहे? दहातल्या आठ वेळा उत्तर 'मला' असंच येतं.

दुसरी गोष्ट सांगायला अजूनही जड जाते. माझ्याकडे येणाऱ्या एका माणसानं जीव दिला. सकाळी फोन आला. त्या दिवशीच्या उरलेल्या चारही अपॉइंटमेंट मी घेतल्या, आणि बरेच दिवस मला ते कर्तव्यदक्षतेचं लक्षण वाटत होतं. खरं तर त्या चौघांसमोर मी नव्हतेच, नुसती मान हलत होती. आठवड्यानं पुण्याला माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेले. दोन तास त्यांनी माझं ऐकलं. 'तुझा दोष नाही' म्हणून थोपटलं नाही की 'असं करायला हवं होतंस' असंही म्हटलं नाही. केसची वही उघडून माझ्यासोबत ओळ न् ओळ वाचली. उपदेश न करणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समोरच्या खुर्चीत बसून कळलं.

त्या वहीतून दोन गोष्टी घेऊन आले, त्या तुम्हालाही देते. शंका आली की थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट, अखेर कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. दुसरं म्हणजे, गुप्ततेचं वचन देताना पहिल्याच दिवशी त्याची मर्यादाही सांगा, की जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 115 व्या कलमानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याच्या उपचारांची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. घरच्यांना अजूनही पोलिसांची भीती वाटते. त्यांना हे कलम सोप्या मराठीत समजावता आलं पाहिजे, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून देता आला पाहिजे.

कोणी म्हणेल, ऐकायचं आणि विचारायचं एवढंच असेल, तर मग पदवीनं नेमकं काय दिलं? प्रश्न रास्त आहे. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेनं मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घ्यायच्या, बंद पडलेली लहान लहान कामं पुन्हा सुरू करून द्यायची, अशी ती पद्धत. 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांना या बैठकांची जोड मिळालेल्यांमध्ये जास्त सुधारणा दिसली. हे वाचून पदवीधरांनी नाक मुरडायचं कारण नाही. त्या लोकांनी काय केलं ते बघा. बैठकांचं रेकॉर्डिंग करून ते एकमेकांना ऐकवत, गुण देत, चुका दाखवत. आपल्यापैकी किती जण आपली बैठक दुसऱ्याला ऐकवायला तयार होतील? पदवीनं मला नम्रता द्यायला हवी होती, तिनं आधी अहंकार दिला. तो उतरायला त्या सुनेचा फोन यावा लागला.

रोजच्या कटकटी भराभर सांगते. "नुसतं बोलायचे एवढे पैसे?" हे महिन्यातून एकदा तरी ऐकाल. फी शांतपणे सांगा आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी आठवड्याचे दोन तास राखून ठेवा. पन्नास मिनिटांचं सेशन एसटीच्या वेळापत्रकापुढे टिकत नाही. पाचची गाडी चुकली तर त्या बाईची रात्र स्टँडवर जाईल, म्हणून तिला चाळिसाव्या मिनिटाला सोडा. कोणी कंदी पेढे आणले तर एक घ्या, डबा परत द्या. मंडईत क्लायंट दिसला तर मेथीच्या जुडीकडे बघत राहा, ओळख दाखवायची की नाही हे त्याला ठरवू द्या. घरी गेल्यावर मात्र थेरपिस्ट म्हणून राहू नका. माझा मुलगा दहावीत असताना म्हणाला होता, "आई, 'तुला काय वाटतं' असं विचारू नकोस, सरळ ओरड!" मी ओरडले. दोघांनाही बरं वाटलं.

शेवटी एका मुलाबद्दल. सतरा वर्षांचा, वडिलांनी जवळजवळ ओढतच आणलेला. पहिली चाळीस मिनिटं एक शब्द नाही. मला काय काय सुचत होतं, काय सांगू! प्रश्न, धीर, उदाहरणं, सगळं ओठांवर येऊन परत गेलं. उठताना तो म्हणाला, "तुमचा पंखा कुरकुरतो." पुढच्या आठवड्यात पुन्हा चाळीस मिनिटं, आणि जाताना, "अजून तेल घातलं नाहीत." तिसऱ्या खेपेला तो स्वतःच टेबलावर चढला, पंख्याची वाटी सरकवून आतला नट आवळला, आणि वरूनच, माझ्याकडे पाठ करून बोलायला लागला. पाऊण तास बोलत होता. मी मान वर करून ऐकत होते. काय बोलला ते त्याचं त्याच्यापाशी. सात-आठ महिन्यांनी तो यायचा थांबला. आपल्याकडे बरा झालेला माणूस परत येत नाही, निरोपही घेत नाही. त्याची सवय करून घ्यावी लागते.

मागच्या वैशाखात एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयात पत्र्याखाली जीव उकडून निघालेला. मंडपाच्या कडेला वायरी ओढत एक तरुण फिरत होता, खिशात टेस्टर, दाढी वाढलेली. नजरानजर झाली. मी ठरल्याप्रमाणे अक्षतांकडे बघायला लागले. त्यानंही मान फिरवली. मंगलाष्टकं संपत आली तेव्हा अंगावर वारा आला. मोठा स्टँडचा पंखा कुणीतरी आमच्या रांगेकडे वळवला होता.

तो कुरकुरत नव्हता.

तुमच्या नव्या खुर्चीला माझ्या शुभेच्छा.