नाव पाणी पीत नाही



आपल्या बिदर जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. बसवकल्याणकडचं पाणी मुल्लामारीतून कलबुर्गी जिल्ह्यात उतरतं, कागिण्यातून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतं. भालकी-औरादकडचं पाणी कारंजा आणि मांजरा गोदावरीकडे नेतात. मात्र आंध्रातल्या एलुरूला कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांचे कालवे एकमेकांना मिळतात, आणि त्या कालव्यांतून एके काळी मालाने भरलेल्या नावा चालत.

ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांचा धवळेश्वरमचा गोदावरीवरचा बंधारा १८५२ साली पुरा झाला, विजयवाड्याचा कृष्णेवरचा १८५५ साली. कॉटन यांच्या मते कालवा शेताला पाणी देतो, तशी त्याने वाहतूकही केली पाहिजे. आता विजयवाड्याहून गोदावरीकडे जायचं, तर नावेला आधी एलुरूपर्यंत उतरावं लागतं आणि तिथून पुढे चढावं लागतं. चढावर नाव जाते कशी? लॉकमधून.

लॉक म्हणजे दोन टोकांना दारं असलेला दगडी हौद. नाव खालच्या दारातून आत येते, मागे दार लागतं. वरच्या दारातली झडप उघडली की पाणी खळखळत आत शिरतं. नावाडी सैल पडणारा दोर ओढून घेत राहतो आणि नाव भिंतीलगत हळूहळू वर येते. पाणी सारखं झालं की वरचं दार माणसांच्या रेट्याने उघडतं. त्याआधी कितीही जोर लावा, ते हलत नाही. ना इंजिन, ना पंप! धान्याने भरलेली नाव पाणीच उचलतं.

पुढे रेल्वे आली, लॉऱ्या आल्या आणि ही वाहतूक आटत गेली. इंग्लंडमध्येही असंच झालं होतं. पण तिथल्या लोकांनी गाळ उपसून, दारं बसवून कालवे पुन्हा चालते केले. केनेट-एव्हन कालवा १९९० साली पुन्हा सुरू झाला. त्यावर डिव्हायझेस गावाजवळ ओळीने २९ लॉक आहेत. सात फूट रुंदीच्या होड्या घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं तिथे येतात, स्वतः हँडल फिरवून झडपा उघडतात आणि चढण्यात दिवसाचा मोठा भाग आनंदाने घालवतात.

आपल्याकडे २००८ साली एलुरू कालव्याचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये समावेश झाला. ही घोषणा कागदावर राहू नये, असं मला मनापासून वाटतं. एरवी आपण पाण्याकडे वाटपाच्या नजरेनेच पाहतो. कृष्णा आणि गोदावरी, दोन्हींच्या पाणीवाटपासाठी १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचे लवाद नेमले गेले. आपण पाण्याचा हिशोब टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मांडतो. किती अडवलं, किती उचललं. तो हिशोब हवाच, कारण आपल्या शिवाराची तहान खरी आहे. पण नाव पाणी पीत नाही. लॉकमधून सुटलेलं पाणी खालच्या शेतालाच जातं. म्हणून जिथे बारमाही कालवा आहे, तिथली जुनी लॉक मोडीत काढू नका, ती दुरुस्त करा. शेताला जाणाऱ्या पाण्याकडून वाटेत वाहतुकीचंही काम होत असेल, तर ते करून घेण्यातच शहाणपण आहे.