पाणी पाजलेलं पोलाद



संयोजकांनी 'तुझ्या कामाबद्दल बोल' म्हटलं आणि वेळ दिला पाच मिनिटं. आपल्यातल्या काही जणांची वर्कशॉप आहेत, म्हणून साध्या छिन्नीबद्दलच बोलतो.

छिन्नीच्या पोलादात शंभरात जेमतेम पाऊण-एक भाग कार्बन. थंड लोखंडातल्या अणूंच्या मांडणीत त्याला जागाच नसते. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर मांडणी बदलते आणि कार्बन आत विरघळतो. मग राखेत ठेवून सावकाश निवू दिलं, तर तो बाहेर पडतो आणि लोखंड व कार्बाइड यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात, म्हणून नाव पर्लाइट. याला कानस लागते.

तेच लाल पोलाद पाण्यात बुडवलं, की कार्बनला निघायला सवडच मिळत नाही. तो अडकतो, मांडणी ताणली जाते. हा मार्टेन्साइट, नाव जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून. कानस यावरून नुसती घसरते, पण हा काचेसारखा ठिसूळ. म्हणून पुन्हा २८० अंशांच्या आसपास तापवायचं. थोडा कार्बन बारीक कणांनी सुटतो, ताण उतरतो, चिवटपणा येतो. हेच टेंपरिंग.

आपल्या लोहाराला यातलं एकही नाव ठाऊक नसतं. तो कोयत्याची धार पाण्यात बुडवून बाहेर काढतो, विटेच्या तुकड्याने घासतो आणि पाठीकडची ऊब धारेकडे सरकताना रंग बघतो: पिवळसर, तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा पाण्यात. माझ्या मते याहून स्वस्त थर्मामीटर नाही!

एका कारखान्यात मात्र ऑर्डरची घाई होती आणि छिन्न्यांचं टेंपरिंग गाळलं गेलं. पहिल्याच दिवशी धारेचा टवका उडाला, तो एकोणीस वर्षांच्या हेल्परच्या डोळ्यात. डोळा गेला. कागदावर 'माल खराब' असं लिहिलं गेलं. माल उत्तम होता. तो टवका पॉलिश करून मी स्वतः पाहिला आहे. आत सगळा सुयांसारखा कोरा मार्टेन्साइट. त्या मुलाला भरपाई मिळाली ती त्या फोटोंच्या आधारावर, तीन वर्षांनी.

तेव्हा वर्कशॉपवाल्यांनो, हार्डनिंग झालं की माल तसाच रात्रभर ठेवू नका, त्याच शिफ्टला टेंपर करा. छिन्नीची फक्त धार कडक करा, घाव बसतो ते डोकं मऊच राहू द्या. कुणाकडे तुटलेला नमुना असेल तर जेवणानंतर आणा. भिंग खिशात आहे.