नमुन्याचा कोड आणि सोबतची टीप
(उत्सवातील भाषणाचा संक्षेप)



फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवरचा मुनीम. कोणती फाइल कुठे ठेवली, ही खातेवही त्याच्याकडे. इतरत्र चूक झाली तर मशीन पुन्हा सुरू करता येते. मुनीम चुकला तर घरच्या लग्नाचे फोटो गेलेच म्हणा! म्हणून शिकणाऱ्यापुढे चालता नमुना हवा.

प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्सचा कोड पाठ्यपुस्तकातच छापला. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या लिनक्सने १९९१ मध्ये सुरुवातीला मिनिक्सचीच फाइल सिस्टिम वापरली. पण ती शिकवण्यापुरती होती: नाव १४ अक्षरांचे, डिस्क ६४ एमबीपर्यंत. १९९२ मध्ये रेमी कार यांच्या ‘एक्स्ट’ने नाव २५५ अक्षरांवर, मर्यादा २ जीबीवर नेली.

कोड वाचून काय केले ते कळते. कोणते लॉक आधी घ्यायचे, वीज गेली तर कोणती नोंद आधी डिस्कवर पोचलेली हवी, आणि का, हे टिपेत असते. आपली मुले नेमकी तीच गाळतात.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी लिनक्समधला ‘रॅमएफएस’ घ्यावा. काहीशे ओळींचाच आहे, सगळे मेमरीत चालते. आधी डॉक्युमेंटेशनमधले व्हीएफएसचे प्रकरण वाचा, मग कोडला हात लावा. आणि तोही व्हर्च्युअल मशीनमध्ये, बाबांच्या लॅपटॉपवर नको.